रविवार कोणाचा? – खेळ, कामगार आणि समाज



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा व्यासपीठावर बसावयाचे ते विद्वानांनी आणि समोर बसावयाचे ते माझ्यासारख्यांनी, असा साधारण समज होता. आज तुम्ही ही बैठक उलटी केली आहे. मी नववीत शाळा सोडली आणि जिनात कामाला लागलो. पुढे जे काही वाचले, ते रात्री युनियनच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत बसून वाचले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कृपया करू नये. मात्र तीस वर्षे हमाल, जिनकामगार आणि बांधकाम मजूर यांच्यात वावरल्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे, तो मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

व्याख्यानाचा विषय खेळ आहे हे ऐकून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, “तुम्ही पगारवाढीवर बोलणारे, खेळावर काय बोलणार?” त्याला मी म्हणालो की, खेळावरच बोलणार आहे, कारण कोण खेळतो आणि कोण खेळू शकत नाही, हे पाहिले की समाजाची सारी उतरंड नजरेस पडते. राजाच्या लढाया इतिहासाच्या पुस्तकात असतात. पण माणसाला दिवसाकाठी मोकळा तास किती मिळत होता, तो कोणाबरोबर उभा राहू शकत होता आणि त्याला पाय मोकळे करावयास जागा होती की नाही, हे त्याच्या खेळावरून कळते.

आपल्या कारंज्यात कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली आहे. एका धनिकाने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि ती घराच्या चुन्यात कालवली, असे सांगतात. गोष्ट खरी की खोटी, या वादात मी पडत नाही. परंतु तो चुना ज्यांनी कालवला, ते संध्याकाळी काय करीत असतील? ते कुस्ती खेळत की नाही? हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. आज तोच आपण विचारू या.

प्रथम कारखाने येण्यापूर्वीचा काळ पाहू. शेतकरी समाजात खेळाचे दिवस पंचांगाने ठरविले होते. नागपंचमीला कुस्त्यांचा फड, पोळ्याला बैलांची मिरवणूक, पिके घरात आल्यावर जत्रा आणि जत्रेबरोबर शंकरपट. शंकरपट म्हणजे आपल्या वऱ्हाडातील बैलांची शर्यत. तळेगाव दशासरचा पट तर सर्वांच्या परिचयाचा आहे. (या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, पुढे राज्याने कायदा केला आणि तो न्यायालयाने २०२३ साली ग्राह्य धरला, हेही आपण जाणतोच.) त्या समाजातही सर्वांना समान मान होता असे समजू नका. पटात धावणारी जोडी पाटलाची असे, आणि तिला खाऊपिऊ घालणारा हात सालदाराचा असे. जातीजातींचे आखाडे वेगळे असत. मात्र एक गोष्ट होती. वर्षातले काही दिवस, काही महिने, कामाचा जोर ओसरे आणि गरिबालाही श्वास घ्यावयास सवड मिळे. ती सवड कोणी मागून घेतलेली नव्हती. ती ऋतूंनी दिलेली होती.

मग कापसाचा जमाना आला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. रूळ आले, बाजार वाढले, जिन आणि प्रेस उभे राहिले. आपली मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतलाही पुढे त्यासाठीच धावली. आज ती बंद आहे, पण तिच्या डब्यांतून गेलेल्या रुईच्या गठाणी आमच्या आज्या-पणज्यांच्या पाठीवरून चढलेल्या होत्या. आता यातील मेख लक्षात घ्या. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. जत्रांचा आणि शंकरपटांचा हंगामही तोच. म्हणजे ज्या दिवसांत शेतमजूर थोडा मोकळा असे, नेमके तेच दिवस जिनाच्या भोंग्याने घेतले. ऋतूंनी दिलेली सवड यंत्राने काढून घेतली.

ही सवड परत कशी मिळाली? ती कोणी दान केली नाही. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने फक्त मुलांच्या कामाचे तास ठरविले. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास! सात वर्षांचे मूल नऊ तास काम करील, हे त्या काळी सुधारणा म्हणून सांगितले गेले. मोठ्या माणसांच्या सुटीचे नावही त्यात नव्हते. तेव्हा मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता ‘दीनबंधू’ पत्र चालवीत असे. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. त्यातील मागण्या पाहा : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. सहा वर्षे मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीला कायद्याचे बळ आले.

आज रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मुले बॅट घेऊन उतरतात, तेव्हा हा रविवार कोठून आला हे त्यांना ठाऊक नसते. पुष्कळांना वाटते की तो इंग्रजांच्या चर्चमधून आला. साहेबाच्या कचेरीचा रविवार तिकडून आला असेल; परंतु कामगाराचा रविवार सभा भरवून, सह्या गोळा करून मिळविलेला आहे. खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी रविवारचा आग्रह धरला, असेही सांगितले जाते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रियांचे व मुलांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले आणि हळूहळू पुरुषांनाही ती अर्धी सुटी लाभली. त्या अर्ध्या सुटीतून फुटबॉलचा शनिवार जन्मास आला. फुटबॉलचे नियम १८६३ साली सुशिक्षित गृहस्थांनी लिहिले. परंतु १८८३ साली ब्लॅकबर्नच्या, ज्यात विणकरांसारखे कामकरी होते अशा संघाने ईटन या उमरावांच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या संघाला हरवून मानाचा चषक नेला. दोनच वर्षांनी खेळाडूला उघडपणे मेहनताना देण्याची परवानगी मिळाली. खेळासाठी पैसे घेणे हलके, असे ज्यांच्या खिशात पैसे असतात तेच म्हणतात. कामावरची मजुरी बुडवून खेळणाऱ्याला तसे म्हणणे परवडत नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. कारण मुंबईचा रविवार आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. १८८१ च्या कायद्यात वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना वगळले होते. जिन म्हणजे हंगामी कारखाने. खानदेशातील जिनांत माणसे, त्यांत स्त्रियाही, हंगामात दिवसरात्र सलग राबत असल्याच्या साक्षी १८८५ च्या सुमारास मुंबईच्या चौकशी मंडळापुढे झाल्या होत्या. तरीही अशा हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत आणावयास १९११ साल उजाडावे लागले. १९२२ साली दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास ठरले. १९३४ साली बारमाही कारखान्यांना दहा व चौपन्न तास मिळाले. पण हंगामी कारखान्यांसाठी मात्र अकरा आणि साठच राहिले. १९४८ च्या कायद्याने नऊ आणि अठ्ठेचाळीस तास केले. हे आकडे रुक्ष वाटतील; परंतु प्रत्येक आकड्यामागे एक संध्याकाळ आहे. साठाचे अठ्ठेचाळीस झाले, म्हणजे आठवड्याचे बारा तास माणसाला परत मिळाले. त्या बारा तासांत काय झाले, हा खेळाचा इतिहास आहे.

परंतु नुसत्या वेळेने भागत नाही. दुसरा प्रश्न मानाचा आहे : तुला आमच्यात उभे राहू देऊ की नाही? येथे मी पळवणकर बाळू यांचे उदाहरण देतो. चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यात आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याच्या व लाटण्याच्या कामाला होता. नंतर युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर लागला. तेथे साहेब लोक सरावाला आले की बाळूने तासन् तास चेंडू टाकावा. फलंदाजी मात्र त्याला कोणी दिली नाही. बॅट मालकाची, चेंडू टाकण्याचे कष्ट नोकराचे. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली, तेव्हा पुण्याच्या हिंदूंनी त्याला युरोपियनांविरुद्ध खेळविले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हाती घ्यावा. पण चहाच्या वेळी त्याने बाहेर थांबावे आणि त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यावा, असा व्यवहार होता. चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ!

पुढे बाळू मुंबईस आले, रेल्वेत नोकरीस लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. तेथे संघाची कामगिरी बेताचीच झाली. परंतु एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे करून हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते त्यांच्या धाकट्या बंधूंना, विठ्ठल पळवणकरांना, १९२३ साली मिळाले. तेही सहजासहजी नव्हे. त्यापूर्वी काही वर्षे वर्तमानपत्रांतून आणि सभांतून त्याविषयी बराच वाद झाला होता. बाळूंनी पुढे १९३२ च्या पुणे करारावर सही केली, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. त्या निवडणुकीत कोणाची भूमिका योग्य होती, याविषयी माझे मत बाबासाहेबांच्या बाजूचे आहे. पण खेळपट्टी झाडणारा मुलगा एवढ्या मतांचा धनी होतो, ही शक्ती त्याला मैदानाने दिली होती हे विसरता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा दोष उच्चवर्णीय क्लबांचा. नाही; मला माझ्याच घराची झाडलोट आधी केली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार चांगला होता. परंतु धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. पिण्याच्या पाण्याची भांडी वेगळी असत. हे मालकांनी केले नव्हते, आमच्याच भावांनी केले होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. लाल बावट्याखाली उभ्या असलेल्या माणसांच्या मनातली उतरंड अशी पक्की होती. म्हणून ‘कामगार एक आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने बाळूंचे मातीचे भांडे डोळ्यांपुढे ठेवावे, असे मला वाटते.

या दृष्टीने मला कबड्डीचे, आपल्या जुन्या हुतूतूचे, फार महत्त्व वाटते. हा खेळच मुळी शिवाशिवीचा आहे. दुसऱ्याला शिवल्याशिवाय गुण नाही, आणि धरणाऱ्यांनी त्याला मिठीत आवळल्याशिवाय बाद नाही. ज्याला अंगाला अंग लागू द्यावयाचे नाही, त्याने या खेळात उतरूच नये! शिवाय त्याला साहित्य काही लागत नाही; ना बॅट, ना बूट, ना जाळी. चुन्याच्या चार रेघा आणि दम, एवढे भांडवल पुरते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेळाचे नियम बांधावयास घेतले; १९२३ साली बडोद्यास स्पर्धा भरली; १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली; आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळून भारताने सुवर्णपदक घेतले. आज दूरचित्रवाणीवर कबड्डीपटूंचा लिलाव होतो. परंतु हा खेळ वाढला तो गावच्या चावडीपुढे आणि मुंबईच्या गिरणगावात.

विद्वान म्हणतील की, खेळाने जात जात नाही. मीही तसे म्हणत नाही. एक अनुभव सांगतो. आमच्या युनियनच्या एका सभेत मी समतेवर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. सभा सुटली आणि हमालांच्या दोन टोळ्या, दोन वेगळ्या मोहल्ल्यांच्या, दोन वेगळ्या टपऱ्यांवर चहाला गेल्या. मला फार वाईट वाटले. पुढच्या वर्षी एका कामगार स्पर्धेसाठी दोन्ही टोळ्यांतून मिळून आम्ही एक कबड्डीचा संघ केला. कारण कोणत्याही एका टोळीत सात धड खेळाडू नव्हते! पहिल्याच सामन्यात आमच्या चढाई करणाऱ्याचा गुडघा निखळला. त्याला दुसऱ्या टोळीतल्या एकाने पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत नेले. रोज क्विंटलची पोती वाहणारी ती पाठ. परंतु त्या दिवशी तिच्यावर माणूस होता. त्या संध्याकाळी सगळे एका टपरीवर बसले. यानंतर जात संपली असे मी म्हणणार नाही. लग्नाच्या पत्रिका आजही मोहल्ला पाहूनच वाटल्या जातात. पण चहा मात्र पुन्हा वेगळा झाला नाही. माझ्या तासाभराच्या भाषणाने जे झाले नाही, ते चाळीस मिनिटांच्या खेळाने एवढे तरी केले.

तिसरा प्रश्न जागेचा. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला, रोमचे जुने क्रीडांगण पाहिले आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले. ते राजाचे काम होते. परंतु आपल्या शेजारी अमरावतीला अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, त्यांच्यामागे कोणते राज्य नव्हते. मलखांब, कुस्ती, लेझीम आणि हुतूतू यांना त्यांनी शास्त्रशुद्ध शिक्षणाचे रूप दिले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडातल्या मातीत रंगलेली मुले हिटलरच्या राजधानीत कबड्डी खेळून आली, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली पाहिजे. मैदान असले, शिकविणारा असला, म्हणजे वऱ्हाडी पोराचे पाय कोठवर जातात, याचा तो पुरावा आहे.

आणि मैदान गेले म्हणजे काय होते, याचा पुरावा गिरणगाव आहे. दहा बाय दहाच्या खोल्यांतून पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांनी चाळींच्या मधल्या जागेत तालमी काढल्या, कबड्डीचे संघ उभे केले. गिरण्यांनीही आपापले संघ बांधले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. त्या संपाचा शेवट कसा झाला, हे सांगावयास नको. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या आळीतला एक मनुष्य मुंबईहून पेटी घेऊन परत आला, तो पुन्हा गेला नाही, एवढे आठवते. त्यानंतर प्रश्न आला तो गिरण्यांच्या जमिनीचा. १९९१ च्या नियमावलीत अशा जमिनीचे तीन वाटे करावयाचे होते : एक मोकळ्या जागेसाठी व मैदानांसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. खटला झाला. उच्च न्यायालयाने २००५ साली बदलाविरुद्ध कौल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम केला. ज्या ठिकाणी मुले कबड्डी खेळू शकली असती, तेथे आज काचेचे मनोरे आहेत. नियमातील एका ओळीने किती मैदाने जातात, हे आपण कारंजेकरांनीही ध्यानात ठेवावे. कारण नगराच्या आराखड्यात ‘क्रीडांगण’ असा शब्द असतो तोवरच त्याची किंमत असते, आणि आराखडे वाचावयास सहसा कोणी जात नाही.

आता एका आक्षेपाचा विचार करू. आमच्याच चळवळीत काही जण म्हणत की, खेळ ही मालकाने पाजलेली अफू आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, आम्ही हंगामातही आठवड्याची सुटी मिळावी म्हणून निवेदन दिले होते. मालकांनी सुटी दिली नाही. व्हॉलीबॉलची एक जाळी आणि दोन चेंडू दिले, आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आणला. जाळी सहा महिने सरकीच्या गोदामात पडून होती. एका रेचेवाल्याला मी विचारले, तर तो म्हणाला, “भाऊ, खेळाचं काय घेऊन बसले तुम्ही? पाठ टेकाले टाइम भेटला तं बस्स झालं.” त्या दिवसापासून मी सभांतून खेळाची टिंगल करू लागलो. ती माझी चूक होती, असे आज प्रांजळपणे सांगतो. जाळी वाईट नव्हती. सुटीच्या ऐवजी दिलेली जाळी वाईट होती. चोरलेल्या वेळेची भरपाई चेंडूने होत नाही. परंतु वेळ मिळाल्यावर चेंडूही पाहिजेच. १९५३ च्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण निधी निर्माण झाला, त्यातून कामगार केंद्रे आणि क्रीडास्पर्धा उभ्या राहिल्या. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या पैशातून चालणारी ती व्यवस्था आहे. म्हणजे ती कृपा नव्हे, हक्क आहे. कृपा आणि हक्क यांतला फरक मला शिकावयास दहा वर्षे लागली.

खेळाडूच्या पोटाचाही प्रश्न आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाणार होते. पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला दीडशेवर बैलगाड्या निघाल्या. १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, कित्येक वर्षांनी. त्यांच्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांच्या नेमबाजीमुळे. मध्ये बहात्तर वर्षे गेली. कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. बाळूंना रेल्वेची नोकरी, खाशाबांना पोलिसाची, कुसाळ्यांना पुन्हा रेल्वेची. गरीब घरातल्या खेळाडूच्या मागे एक पक्की नोकरी उभी असते, हे शंभर वर्षांचे सूत्र आहे. आज पक्क्या नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि कंत्राटाची चिठ्ठी हाती येते. तेव्हा पदके का येत नाहीत असे विचारताना, नोकऱ्या कोठे गेल्या हेही विचारले पाहिजे.

बंधूंनो, आतापर्यंत मी जी नावे घेतली ती सारी पुरुषांची. हा दोष माझ्या यादीचा नाही, वेळेच्या वाटणीचा आहे. १८९० च्या सभेत दोन स्त्रिया सुटीसाठी बोलल्या. पण सुटी आली ती पुरुषाच्या वाट्याला. बाईचा रविवार म्हणजे धुण्याचा, दळणाचा आणि सारवणाचा दिवस. माझ्या आईने जिनात कापूस निवडला, घरी येऊन भाकरी थापल्या. तिला मी कधी खेळताना पाहिले नाही. मंगळागौरीचे आणि भुलाबाईचे खेळ तिला येत होते, हे मला तिच्या म्हातारपणी, ती नातीला शिकवीत होती तेव्हा कळले. महिलांच्या कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली सुरू झाल्या. दार उघडून सत्तर वर्षे झाली. परंतु दारापर्यंत जावयास घरातून वेळ कोण देणार? तो कायदा सरकारला करता येत नाही. तो तुम्हाआम्हाला घरीच करावा लागेल.

आता शेवटचे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने, आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा ठेवून, कारखान्यांतील दिवसाचे काम नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. बाजू मांडणारे म्हणतात की, चार दिवस राबून तीन दिवस सुटी मिळेल. मिळाली तर मी पहिला स्वागत करीन. परंतु चाळीस वर्षांत मी एक पाहिले आहे : वाढलेला तास त्याच दिवशी अंगावर पडतो आणि कबूल केलेली सुटी तारखेची वाट पाहत बसते. बारा तासांनंतर कोणी तालमीत जात नाही. म्हणून हा प्रश्न केवळ युनियनचा समजू नका. ज्यांना आपल्या गावात पहिलवान हवेत, धावपटू हवेत, ज्यांना संध्याकाळी मुलाबरोबर चेंडू फेकणारा बाप हवा, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे.

माझी आपल्याकडे तीन मागणी आहेत, आणि त्या मालकाकडे नसून या सभेकडे आहेत. आपल्या दुकानात, अडतीत, जिनात काम करणाऱ्या माणसाला आठवड्याची सुटी मिळते की नाही, हे उद्या स्वतः पाहा. नगराच्या आराखड्यात मैदानाच्या खुणा कोठे आहेत, ते एकदा जाऊन वाचा. आणि घरातल्या मुलीला संध्याकाळचा एक तास द्या. तो तास तिच्या भावाने भांडी घासून भरून काढावा.

लोखंड्यांच्या सभेला जमलेल्या त्या दहा हजारांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. परंतु उद्या रविवार आहे, आणि तो त्यांचा आहे. निदान तो खेळून साजरा करू या.